दिवस भरण्याआधी आलेलं बाळ: कोणता धोका, कधी आणि का

बाळ वेळेआधी जन्मलं की घरच्यांच्या कानावर आधी दोन आकडे पडतात: किती आठवड्यांचं आणि किती ग्रामचं. मग शब्दांची सरबत्ती सुरू होते. सर्फॅक्टंट, सीपॅप, ॲप्निया, ब्लीड, एनईसी, आरओपी. रोज नवा शब्द, रोज नवी भीती. ऐकणाऱ्याला वाटतं, एवढ्याशा जिवाला एकाच वेळी दहा आजार जडलेत.

प्रत्यक्षात अपुऱ्या दिवसांच्या बहुतेक बाळांचे अवयव जन्मतः निरोगी असतात, फक्त त्यांची घडण पूर्ण झालेली नसते. बांधकाम चालू असतानाच घरात राहायला जावं लागलं, तर जे होईल तेच इथे होतं. भिंती उभ्या आहेत, पण खिडक्यांना काचा नाहीत. वायरिंग अर्धं झालंय. नळ बसवलेत, पण टाकी भरलेली नाही. त्रास कुठला होणार, हे कुठलं काम राहिलंय त्यावर ठरतं.

गर्भातल्या या कामांचं वेळापत्रक ठरलेलं असतं, म्हणून धोकेही बरेचसे वेळापत्रकानुसार येतात. थंडीचा धोका पहिल्या तासात, श्वासाचा पहिल्या दोन-तीन दिवसांत, मेंदूतल्या रक्तस्रावाचा पहिल्या ७२ तासांत, आतड्याचा बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आणि डोळ्यांचा त्याहूनही उशिरा, कधीकधी बाळ घरी गेल्यावर. हा क्रम माहीत असला की डॉक्टर आज काय शोधताहेत आणि पुढच्या आठवड्यात काय विचारायचं, हे कळू लागतं.

आधी आठवडे, मग वजन

गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि पूर्ण काळ ४० आठवड्यांचा धरतात. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. त्यातही तीन पायऱ्या आहेत: २८ आठवड्यांच्या आतलं, २८ ते ३२ मधलं आणि ३२ ते ३७ मधलं. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं अशी जन्मली, म्हणजे साधारण दहातलं एक. त्यातली बहुतेक शेवटच्या पायरीवरची असतात.

वजनावरून अंदाज बांधण्याची सवय मोठी आहे आणि तिथेच गफलत होते. १८०० ग्रामची दोन बाळं घ्या. एक ३३ आठवड्यांचं, दुसरं ३८ आठवड्यांचं पण पोटात वाढ खुंटलेलं. पहिल्याचं वजन त्याच्या दिवसांना साजेसं आहे, पण फुप्फुसं आणि चोखण्याची ताकद अपुरी. दुसऱ्याची फुप्फुसं तयार आहेत, पण अंगात साठा नसल्याने रक्तातली साखर पटकन घसरते. वजन तेच, काळजी मात्र वेगवेगळी. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचा कागद जपून ठेवावा. त्यावरून काढलेले आठवडे जवळपास अचूक असतात, उशिराच्या सोनोग्राफीत चूक वाढत जाते.

चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या दरम्यान एकेक आठवडा चित्र पालटतो. सुसज्ज केंद्रात २८ आठवड्यांना जन्मलेल्या दहांपैकी नऊहून अधिक बाळं जगतात. जिथे ऊब, आईचं दूध आणि श्वासाचा साधा आधारही मिळत नाही, तिथे ३२ आठवड्यांची बाळंसुद्धा मोठ्या संख्येने दगावतात. बाळाच्या शरीरात दोन्हीकडे फरक नसतो. फरक भोवतालच्या व्यवस्थेत असतो, आणि तो माणसांनीच भरून काढायचा असतो.

पहिला तास थंडीचा

बाळाच्या शरीराचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची त्वचा इतकी पातळ असते की अंगातलं पाणी तिच्यातून झिरपून उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. वजनाच्या मानाने अंगाचा पसारा मोठा असतो. नवजात बाळ कुडकुडून गरमी निर्माण करू शकत नाही. त्याऐवजी मान, पाठ आणि मूत्रपिंडांभोवती तपकिरी चरबी असते, ती जळून ऊब देते, पण ती साठते शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणजे गळती जास्त आणि इंधन कमी.

गारठलेलं बाळ ऊब टिकवायला साखर आणि ऑक्सिजन खर्ची घालतं. साखर घसरते, श्वासावर ताण येतो, रक्तात आम्ल वाढतं, आणि कमजोर फुप्फुसं आणखी आखडतात. थंडी स्वतः जितकी घातक, त्याहून तिने सुरू केलेली ही साखळी घातक.

म्हणून प्रसूतीची खोली २५ अंशांच्या आसपास ठेवतात. ३२ आठवड्यांच्या आतल्या बाळाला अंग न पुसताच मानेपर्यंत स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात, फक्त डोकं पुसून टोपी घालतात. बघणाऱ्याला हे विचित्र वाटतं, पण पिशवीतली ओल उडून जात नाही, म्हणून उष्णताही जात नाही. आंघोळ तर अजिबात घालत नाहीत. बाळाचा श्वास ठीक असेल तर नाळ कापण्याआधी किमान मिनिटभर थांबतात. तेवढ्यात वारेतलं बरंच रक्त बाळाकडे येतं आणि त्याने जीव वाचण्याची शक्यता वाढते.

थर्मामीटर हाताशी नसेल तेव्हा एक साधी खूण: पोट उबदार पण तळपाय गार, म्हणजे बाळ गारठायला लागलंय. पोट आणि तळपाय दोन्ही गार, म्हणजे तातडीने ऊब हवी.

श्वास: चिकटलेल्या पिशव्या

ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या दोन बाजू एकमेकींना चिकटल्या की ती उघडताना किती जोर लागतो, आठवून बघा. फुप्फुसांतल्या इवल्या पिशव्याही आतून ओल्या असतात. त्या चिकटू नयेत म्हणून शरीर साबणासारखा एक पदार्थ तयार करतं. तोच सर्फॅक्टंट. साधारण चोविसाव्या आठवड्यापासून तो बनू लागतो आणि पुरेसा होतो चौतीस-पस्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वासाला पिशव्या नव्याने उघडाव्या लागतात. काही तासांत ते थकतं. श्वास मिनिटाला साठच्या वर जातो, नाकपुड्या फुलतात, छातीच्या फासळ्या आत ओढल्या जातात आणि श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो. तो आवाज म्हणजे पिशव्या मिटू नयेत म्हणून बाळाने स्वतःच चालवलेली धडपड असते.

१९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी या त्रासामागे सर्फॅक्टंटचा अभाव असल्याचं दाखवलं. पण उपाय हाती नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेचौतीस आठवड्यांना जन्मला आणि याच त्रासाने ३९ तासांत गेला. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसालाही त्या दिवशी आपलं मूल वाचवता आलं नाही. १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी बाहेरून दिलेल्या सर्फॅक्टंटने बाळं सुधारल्याचं प्रसिद्ध केलं. आज ते बारीक नळीतून थेट श्वासनलिकेत देतात. बऱ्याच बाळांना त्याचीही गरज पडत नाही. सीपॅप नावाचं यंत्र नाकातून सतत हलक्या दाबाने हवा देतं, त्यामुळे पिशव्या पूर्ण मिटतच नाहीत आणि बाळ स्वतःचा श्वास स्वतः घेत राहतं.

सगळ्यांत मोलाचा उपाय मात्र जन्माआधीचा आहे. न्यूझीलंडच्या ग्रॅहम लिगिन्स यांना मेंढ्यांवर प्रयोग करताना दिसलं की स्टेरॉइड दिलेल्या मेंढीची वेळेआधी जन्मलेली कोकरं अपेक्षेपेक्षा बरा श्वास घेतात. त्यांनी आणि रॉस हाउई यांनी १९७२ मध्ये गरोदर स्त्रियांवरच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले. तेव्हापासून हा उपचार ओळखीचा आहे: साधारण २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान प्रसूती लवकर होणार अशी लक्षणं असतील, तर आईला बीटामेथाझोनची १२ मिलिग्रामची दोन इंजेक्शनं २४ तासांच्या अंतराने, किंवा डेक्सामेथाझोनची ६ मिलिग्रामची चार इंजेक्शनं १२-१२ तासांनी. बाळाची फुप्फुसं त्याने लवकर पक्व होतात, मेंदूतला रक्तस्रावही कमी होतो. पूर्ण परिणामासाठी सुमारे एक दिवस लागतो. म्हणूनच दर दहा मिनिटांनी पोट कडक होणं, अंगावरून पाणी जाणं, कंबरेत बोथट दुखत राहणं, रक्त दिसणं यांपैकी काहीही झालं तर सकाळपर्यंत वाट बघू नये. तो एक दिवस पुढच्या दोन महिन्यांचा त्रास वाचवू शकतो. ३२ आठवड्यांच्या आत प्रसूती होणार असेल तर आईला मॅग्नेशियम सल्फेटही देतात. ते बाळाच्या मेंदूच्या रक्षणासाठी.

श्वास घ्यायलाच विसरणं

मॉनिटर अचानक वाजतो, नर्स येऊन बाळाच्या तळपायाला हलकेच चोळते, बाळ पुन्हा श्वास घेतं आणि सगळं शांत होतं. पहिल्यांदा हे बघणाऱ्या आईच्या काळजाचं पाणी होतं. मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून कच्चं असल्याने बाळ मध्येच थांबतं. वीस सेकंदांहून जास्त थांबलं, किंवा थोडंच थांबलं पण हृदयाचे ठोके नाहीतर ऑक्सिजन घसरला, तर त्याला ॲप्निया म्हणतात. त्यावरचं औषध कॅफिन आहे, कॉफीत असतं तेच, मोजून दिलेलं. साधारण ३६-३७ आठवड्यांचं वय (पोटातले आठवडे धरून) होईपर्यंत हा त्रास आपोआप मावळतो. फार लवकर जन्मलेल्यांना थोडा अधिक वेळ लागतो. एक इशारा महत्त्वाचा: थांबे कमी होत आलेले असताना एकदम वाढले, तर ते जंतुसंसर्गाचं पहिलं लक्षण असू शकतं.

ज्या बाळांना ३६ आठवड्यांचं वय झालं तरी ऑक्सिजन लागतो, त्यांच्या फुप्फुसांना दीर्घकालीन इजा झाली असं धरतात. ती पुढच्या दोन-तीन वर्षांत बरीच भरून येते, पण त्या काळात साधी सर्दीसुद्धा छातीत उतरू शकते.

मेंदू: पहिले ७२ तास

मेंदूच्या मध्यभागी, पाण्याने भरलेल्या पोकळ्यांच्या कडेला नव्या पेशी बनवणारा एक भाग असतो. काम संपलं की चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास तो विरून जातो. तोवर तिथल्या रक्तवाहिन्या अतिशय नाजूक असतात. रक्तदाब थोडा वरखाली झाला तरी त्या फुटू शकतात. असा रक्तस्राव झालाच तर बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांत होतो.

बाळाची टाळू भरलेली नसते, ते इथे वरदान ठरतं. त्या मऊ जागेतून सोनोग्राफी करून मेंदू पाहता येतो. ना क्ष-किरण, ना भूल. रक्तस्रावाच्या चार पायऱ्या असतात. पहिल्या दोन पायऱ्यांतली बहुतेक मुलं पुढे चांगली वाढतात. तिसऱ्या-चौथ्या पायरीत डोक्यात पाणी साठण्याचा आणि हातापायांच्या हालचालींवर परिणाम होण्याचा धोका खरा असतो. ‘ब्लीड झालंय’ एवढं ऐकून खचू नका. कितवी पायरी आणि एका बाजूला की दोन्हीकडे, हे विचारा. रक्तस्राव न होताही मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागाला रक्त कमी पडून इजा होऊ शकते. ती उशिरा दिसते, म्हणून ४० आठवड्यांच्या सुमारास पुन्हा एक सोनोग्राफी करतात.

या तीन दिवसांत ‘बाळाला फार हात लावू नका’ असं सांगतात, ते यासाठी. डोकं मध्यरेषेत ठेवणं, लंगोट बदलताना पाय उंच न उचलणं, सलाईन घाईने न सोडणं या बारीक गोष्टींनी मेंदूतला रक्ताचा दाब स्थिर राहतो.

दूध: इथे थेंब मोजतात

चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तीन कामं एका तालात करण्याची जुळणी ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास होते. त्याआधी दूध तोंडावाटे किंवा नाकावाटे जठरात गेलेल्या बारीक नळीने देतात. एक किलोच्या बाळाला सुरुवातीला दर दोन तासांनी एक-दोन मिलिलिटर, म्हणजे चमच्याच्या तळाशी मावेल एवढंच. पोट भरण्यासाठी ते नसतंच. आतड्याला जागं ठेवण्यासाठी असतं. उरलेलं पोषण शिरेतून जातं. मग दूध रोज वजनाच्या दर किलोमागे ३० मिलिलिटरपर्यंत वाढवत नेतात आणि दिवसाला किलोमागे १५० ते १८० मिलिलिटरवर आणतात.

इतकं सावकाश का? कारण आतड्याची भिंतही कच्ची असते. जंतू तिच्यात शिरले की ती सुजते, काळी पडते, कधी फाटते. यालाच एनईसी म्हणतात. बाळ स्थिर झालंय, दूध वाढतंय, सगळे जरा निर्धास्त झालेत, अशा वेळी तो येतो. पोट फुगणं, हिरवी उलटी, शौचात रक्त, अचानक आलेली मलूलता ही त्याची लक्षणं. ती दिसली की दूध लगेच बंद करून अँटिबायोटिक सुरू करतात. काहींना शस्त्रक्रिया लागते, आणि सगळी बाळं त्यातून वाचत नाहीत.

या आजारापासून सर्वांत चांगलं संरक्षण आईच्या दुधाचं. ते नसेल तर दुग्धपेढीतलं, दुसऱ्या मातेने दिलेलं आणि पाश्चराइज केलेलं दूध. डब्याच्या दुधावर हा आजार जास्त होतो. म्हणून आईच्या दुधाकडे इथे औषधासारखंच पाहायला हवं. बाळ दहा-पंधरा दिवसांनी चोखायला लागेल तेव्हा बघू, असं म्हटलं तर तोवर दूध आटलेलं असतं. प्रसूतीनंतर पहिल्या काही तासांतच हाताने दूध काढायला सुरुवात करावी आणि दिवसातून आठ-दहा वेळा, रात्रीही, काढत राहावं. पहिले दोन दिवस चिकाचे थेंबच येतात. ते थेंब वाया घालवू नयेत. एक किलोच्या बाळाचा एका वेळचा आहारही तेवढाच असतो.

वजन आधी घटतं. पहिल्या आठवड्यात जन्मवजनाच्या दहा ते पंधरा टक्के घट चालते आणि साधारण दोन आठवड्यांत ते परत जागेवर येतं. मग दिवसाला किलोमागे १५ ग्राम किंवा अधिक वाढ हवी. केवळ आईच्या दुधावर ती होत नसेल तर त्याच दुधात प्रथिनं आणि कॅल्शियमची पूड मिसळतात. त्याचा अर्थ आईचं दूध ‘पातळ’ आहे असा होत नाही. गर्भात वार ज्या वेगाने खनिजं पुरवते तो वेग कुठल्याच दुधाला गाठता येत नाही.

रक्त, कावीळ, जंतू

आईच्या रक्तातली रोगप्रतिबंधक द्रव्यं आणि लोहाचा साठा, दोन्ही बाळाकडे मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत जातात. लवकर जन्मलेल्या बाळाकडे दोन्हींचा तुटवडा. त्यामुळे जंतुसंसर्ग पटकन पसरतो, आणि तापाऐवजी कधीकधी अंग गारच पडतं. यावर सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे कोपरापर्यंत साबणाने धुतलेले हात. अंगठ्या-बांगड्या काढून, प्रत्येकाने, प्रत्येक वेळी. सर्दी झालेल्या नातेवाइकाला आत जायचा आग्रह धरू देऊ नका.

कावीळ जवळजवळ सगळ्यांनाच होते. पूर्ण दिवसांच्या बाळाला जी पातळी चालते ती यांच्या मेंदूला घातक ठरू शकते, म्हणून निळ्या दिव्याखाली लवकर ठेवतात. गर्भात फुप्फुसांना वळसा घालणारी, हृदयाजवळची एक रक्तवाहिनी जन्मानंतर मिटायला हवी. ती काहींच्यात उघडी राहते. ‘पीडीए’ हा शब्द ऐकलात तर तो तिचा. बऱ्याचदा ती आपोआप मिटते, कधी औषध लागतं.

डोळे: सर्वांत शांत धोका

डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या सोळाव्या आठवड्याच्या सुमारास मध्यापासून वाढू लागतात आणि कडेपर्यंत पोचतात चाळिसाव्याच्या आसपास. बाळ अठ्ठाविसाव्या आठवड्यात बाहेर आलं तर पडद्याची कड अजून कोरी असते. गर्भाच्या मानाने बाहेर ऑक्सिजन भरपूर, म्हणून रक्तवाहिन्यांची वाढ थबकते. काही आठवड्यांनी पडदा मोठा होतो, त्याला रक्त कमी पडू लागतं आणि मग त्या वेड्यावाकड्या, उतावीळपणे वाढतात. त्या ओढीने पडदा सुटला की दृष्टी गेली. या आजाराचं नाव आरओपी.

बोस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी १९४२ मध्ये त्याची पहिली नोंद केली. तेव्हा काचेच्या पेटीत सढळ हाताने ऑक्सिजन सोडत असत, चांगल्याच हेतूने. जगभरात सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली. गायक स्टीव्ही वंडर १९५० मध्ये सहा आठवडे आधी जन्मले, त्यांचीही दृष्टी यातच गेली. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीने ऑक्सिजनच कारण असल्याचं सिद्ध केलं. मग ऑक्सिजन इतका आखडला गेला की फुप्फुसाच्या त्रासाने बाळं दगावू लागली. आज रक्तातल्या ऑक्सिजनची पातळी साधारण ९० ते ९५ टक्के ठेवतात, ती या दोन्ही चुकांतून शिकून. यंत्रावर ‘शंभर’ दिसला की घरचे खूश होतात. बाळ बाहेरून ऑक्सिजन घेत असेल तर तो आकडा आनंदाचा नाही, नर्सला दाखवण्याचा आहे.

या आजारात डोळा बाहेरून पूर्णपणे नीट दिसतो. पाणी येत नाही, लाल होत नाही, बाळ रडत नाही. बुबुळात पांढरं दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. म्हणून तपासणी तारखेनेच करायची असते: जन्मानंतर चार आठवड्यांनी, फार लवकर जन्मलेल्यांची दोन-तीन आठवड्यांनी. कोणाची करायची याचा निकष देशानुसार बदलतो. कुठे ३० आठवडे किंवा १५०० ग्रामपर्यंत, कुठे ३४ आठवडे किंवा २००० ग्रामच्या आतल्या सगळ्यांची. जिथे ऑक्सिजनवर काटेकोर लक्ष ठेवणं कठीण जातं तिथे मोठ्या बाळांनाही हा आजार होतो, म्हणून निकष सैल असतो. एक तपासणी पुरत नाही. रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचल्या असं डॉक्टर सांगेपर्यंत दर एक-दोन आठवड्यांनी जावं लागतं. उपचार लागला तर लेझर किंवा डोळ्यातलं इंजेक्शन, आणि तोही दोन-तीन दिवसांच्या आत. एखादी तारीख हुकली की आयुष्यभराची किंमत मोजावी लागू शकते, म्हणून घरी जाताना पुढच्या नेत्रतपासणीची तारीख लिहून घेतल्याशिवाय निघू नका.

कानांचंही असंच. घरी जाण्याआधी किंवा फार तर तीन महिन्यांच्या आत श्रवणचाचणी व्हावी. या बाळांना ती मेंदूच्या प्रतिसादावरून मोजणारी हवी.

‘पेटीतून काढलं तर गारठणार नाही का?’

ही शंका रास्त वाटते, पण अनुभव उलटा आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी आणि बाळं जास्त, अशा अडचणीत एडगर रे आणि हेक्टर मार्टिनेझ या डॉक्टरांनी बाळांना आईच्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. पेटीची उणीव भरून काढण्यासाठी केलेला हा उपाय पुढे स्वतःच्या गुणावर टिकला. पाच देशांतल्या १ ते १.८ किलोच्या बाळांवरच्या चाचणीचा निकाल २०२१ मध्ये आला. बाळ स्थिर व्हायची वाट न बघता जन्मानंतर लगेच छातीशी धरलं, तर मृत्यूंचं प्रमाण सुमारे एकचतुर्थांशाने घटलं. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे: शक्य तितक्या लवकर सुरुवात आणि दिवसातून ८ ते २४ तास.

बाळाच्या अंगावर फक्त लंगोट आणि टोपी. ते आईच्या उघड्या छातीवर उभं, हातपाय बेडकासारखे दुमडलेले. मान एका बाजूला वळवलेली आणि किंचित वर उचललेली, हनुवटी छातीला टेकू द्यायची नाही, कारण श्वास तिथेच अडतो. वरून कापडाने बांधायचं, कापडाची वरची कड बाळाच्या कानाखाली. एका वेळी किमान तासभर. उचलण्या-ठेवण्यातच बाळाची शक्ती जाते, दहा मिनिटांसाठी काढून उपयोग नाही. सीपॅपवरच्या बाळालाही प्रशिक्षित नर्स जवळ असताना असं धरता येतं. आई आजारी असेल तर वडील, आजी, मावशी, कुणीही निरोगी माणूस चालतो.

‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही’

ही समजूत प्राचीन ग्रीक वैद्यांच्या लिखाणातही सापडते आणि ती साफ चुकीची आहे. आठव्या महिन्यातल्या बाळाची फुप्फुसं, मेंदू, आतडी सगळंच सातव्यातल्यापेक्षा पुढे गेलेलं असतं. त्याला धोका कमीच. या समजुतीपायी आठव्या महिन्यातल्या बाळासाठी धावपळ करायला लोक कचरतात, हे वाईट आहे.

दुसऱ्या टोकाची समजूत: ३६ आठवडे म्हणजे झालंच की. असं बाळ दिसतं पूर्ण दिवसांचं, म्हणून त्याला तसंच वागवलं जातं. पण चौतिसाव्या आठवड्यात मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या सुमारे दोन तृतीयांश असतं. अशी बाळं दूध पिता पिता मध्येच झोपतात, साखर घसरते, कावीळ चौथ्या-पाचव्या दिवशी, घरी गेल्यावर, चढते. दर दोन-तीन तासांनी उठवून पाजणं आणि घरी गेल्यावर एक-दोन दिवसांत पुन्हा दाखवणं एवढं केलं तरी बरंच टळतं. वैद्यकीय कारण नसेल तर सोयीच्या तारखेसाठी ३९ आठवड्यांच्या आत सिझेरियन करू नये, ते याच कारणाने.

‘माझं काय चुकलं?’

जवळजवळ प्रत्येक आई हा प्रश्न मनात घोळवते. जुळी, आईचा वाढलेला रक्तदाब, गर्भाशयाचा किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग, आखूड गर्भमुख, आधीची लवकर झालेली प्रसूती ही ज्ञात कारणं. बऱ्याच वेळा कारण सापडतच नाही. जिना चढला, जड उचललं, अमुक खाल्लं म्हणून हे झालं असं म्हणायला आधार नाही. घरच्यांनी तरी तसं म्हणू नये. पुढच्या खेपेसाठी मात्र ही माहिती कामाची असते: पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगायची, म्हणजे गर्भमुखाची लांबी मोजून, गरज पडली तर प्रोजेस्टेरॉन देता येतं.

घरी आल्यावर

बाळ उघड्या पाळण्यात तापमान टिकवतं, सगळं दूध तोंडाने घेतं, वजन वाढतंय आणि काही दिवस श्वासाचा एकही थांबा नाही, एवढं जमलं की घरी सोडतात. घरी उताणं झोपवायचं. वॉर्डात पालथं ठेवलेलं पाहिलं असेल, पण तिथे मॉनिटर लावलेला असतो. खोलीत धूम्रपान नाही. लोहाचे थेंब दिवसाला किलोमागे २ ते ४ मिलिग्राम आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांनी सांगितलेल्या काळापर्यंत. बाळ ‘गुटगुटीत दिसतंय’ म्हणून बंद करायचे नाहीत.

वय मोजण्याच्या दोन पद्धती लक्षात ठेवा. लस जन्मतारखेनुसार, वाढ दुरुस्त वयानुसार. २८ आठवड्यांना जन्मलेलं बाळ १२ आठवडे लवकर आलं. ते सहा महिन्यांचं होईल तेव्हा त्याचं दुरुस्त वय साधारण सव्वातीन महिने. त्याने मान धरलीय का, हे पाहायचं. बसत नाही म्हणून घाबरायचं नाही. दोन वर्षांपर्यंत हाच हिशेब. लसीला मात्र ही वजाबाकी लावून उशीर करू नये. ज्याच्याकडे आईकडून आलेलं संरक्षण कमी, त्यालाच लस आधी हवी. हेपटायटिस बीचा पहिला डोस दोन किलोच्या आतल्या बाळाला कधी द्यायचा, एवढं डॉक्टर ठरवतात.

ओठ निळे पडणं, श्वास थांबणं, फासळ्या आत ओढल्या जाणं, सलग दोन वेळचं दूध न घेणं, अंग गार किंवा तापलेलं असणं, हिरवी उलटी: यांतलं काहीही दिसलं तर फोन करण्यात वेळ न घालवता दवाखाना गाठायचा.

मोठेपणी काय?

यातली बहुसंख्य मुलं इतरांसारखीच शाळेत जातात. जितका लवकर जन्म, तितकी चष्मा, हालचालींतला अवघडलेपणा, लक्ष न लागणं, गणित जड जाणं यांची शक्यता वाढते. यातल्या बऱ्याच गोष्टी लवकर लक्षात आल्या तर व्यायामाने, थेरपीने आणि शाळेच्या समजूतदारपणाने सावरता येतात. म्हणून पहिल्या दोन वर्षांत बाळ ठणठणीत दिसलं तरी तपासणीच्या भेटी चुकवू नयेत.

एक गोष्ट जवळजवळ कुणीच सांगत नाही. मूत्रपिंडातल्या गाळण्या छत्तिसाव्या आठवड्यापर्यंतच बनतात आणि त्या जन्मभर तेवढ्याच राहतात. फार लवकर जन्मलेल्या माणसाकडे त्या कमी असू शकतात, आणि अशा लोकांमध्ये रक्तदाब जास्त आढळतो. मुलाचा रक्तदाब तीन वर्षांच्या आधीपासून प्रत्येक भेटीत मोजून घ्यावा. डिस्चार्जचा कागद जपून ठेवावा आणि मूल मोठं झालं की त्याच्या हाती द्यावा, म्हणजे चाळिशीत डॉक्टरसमोर बसल्यावर आपण किती आठवड्यांना जन्मलो होतो हे त्याला सांगता येईल.